दुबईचं सीताफळ किती कडक असतं

सीताफळ हातात आलं की आम्ही आधी त्याचा आकार बघत नाही. आधी त्याचं गाव ठरवतो.

हे जरा फोड करून सांगायला हवं, कारण पुण्यामुंबईच्या पुष्कळ लोकांना वाटतं की सीताफळ झाडावरच मऊ होतं आणि मग कुणीतरी ते अलगद उतरवतं. झाडावर मऊ झालेलं सीताफळ पोपटाचं आणि खारीचं. माणसाला खायचं असेल तर ते कडक असतानाच तोडावं लागतं. त्याच्या अंगावरच्या फुगवट्यांना आम्ही डोळे म्हणतो. फळ कोवळं असताना दोन डोळ्यांमधली रेघ घट्ट आणि हिरवी असते. फळ भरत आलं की डोळे फुगतात, रेघ रुंदावते आणि तिच्यातून सायीसारखा पिवळट रंग दिसायला लागतो. याला डोळा उघडणं म्हणतात. नुकती फट दिसली तर ते फळ मुंबईचं. थोडी रुंद झाली तर हैदराबादचं. चांगली रुंद झाली तर परळीच्या पुढं नेऊ नये. आणि बोट लावल्यावर दबलं तर ‘पोट’, म्हणजे तिथंच बसून खाऊन टाकायचं.

धारूरच्या डोंगरात बाया फळं निवडायला बसल्या की हातात फळ घेऊन नुसती गावं म्हणत असतात, “मुंबई, मुंबई, परळी, मुंबई, पोट.” नवख्याला वाटावं, एसटीचा कंडक्टर ओरडतोय.

डोळा उघडायच्या आधी जे तोडलं, ते मात्र कुठल्याच गावाचं नसतं. ते पिकत नाही, नुसतं काळं पडतं. त्याला आम्ही ‘दगड’ म्हणतो. या दगडाचा आणि माझा चांगला परिचय आहे. तो पुढं येईलच.

मी बीडच्या मोंढ्यात, म्हणजे बाजारपेठेत, फळांचा अडत्या. आता गाळा मुलाकडं आहे आणि मी गादीवरून शेजारच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर आलोय. गादीवर असताना मी चुका करायचो, आता खुर्चीवरून सल्ले देतो. मुलगा म्हणतो, फरक काहीच नाही.

धंद्यात नवा असताना मी परळीहून रेल्वेनं हैदराबादला पहिला माल पाठवला. फळं दिसायला देखणी हवीत म्हणून चांगली डोळे उघडलेली निवडली, म्हणजे परळीची फळं हैदराबादला धाडली. गाडी वाटेत कुठंतरी दिवसभर उभी राहिली. तिकडच्या व्यापाऱ्याचा ट्रंककॉल आला, “मियाँ, आपने सीताफल भेजा या बासुंदी?” वर त्याची दुसरी तक्रार, पाट्यांवर राख कसली? परळीच्या औष्णिक केंद्राची राख तेव्हा स्टेशनात उभ्या असलेल्या माणसावरही बसायची, मग फळांनी काय पाप केलं? पण मी ठोकून दिलं, “वैजनाथाचा अंगारा हाय. मुद्दाम लावून पाठवलाय.” त्या भल्या माणसानं पुढं बरीच वर्षं माल घेतला, आणि प्रत्येक वेळी विचारायचा, “अंगारे के बगैर मिलेगा क्या?”

त्यानंतर मी एक नियम मनात पक्का केला. गाव जितकं लांब, फळ तितकं कडक. या नियमानं मला घर बांधून दिलं, पोरांची लग्नं करून दिली. आणि याच नियमानं मागच्या वर्षी सगळ्या वाडीदेखत माझं नाक कापलं.

झालं असं की आमच्या जिल्ह्यात विमानतळ होणार आणि त्याला लागून मोठं व्यापारकेंद्र उभं राहणार, अशी बातमी आली. थंड गोदामं, माल तपासायची कार्यालयं, माल बांधायच्या शेड, आणि विमान थेट परदेशात. कुठं होणार हे मात्र ज्याच्या त्याच्या तालुक्यावर होतं. परळीचा माणूस भेटला की विमानतळ परळीजवळ, वडवणीचा भेटला की वडवणीच्या रस्त्याला. कुठल्यातरी माळावर कुणीतरी चुन्यात बुडवलेल्या खुंट्या ठोकून गेलं होतं. दुसऱ्या दिवशी खुंट्यांसमोर एकानं चहाची टपरी टाकली. खुंट्या कसल्या आहेत हे त्यालाही माहीत नव्हतं. तो म्हणाला, “काका, खुंट्या हायत म्हंजी बघायला माणूस येणार. माणूस आला म्हंजी च्या पिणार.” विमानतळाचा पहिला आर्थिक परिणाम मी डोळ्यांनी बघितला तो हाच.

ज्या बीडमध्ये रेल्वेची वाट बघत माझे वडील गेले आणि ती आली तेव्हा माझे गुडघे गेले होते, त्या बीडच्या माणसानं विमानाच्या बातमीनं हुरळून जायला नको होतं. पण मी हुरळलो. गाळ्याच्या पाटीवर ‘फळांचे अडते’च्या पुढं ‘व निर्यातदार’ लिहून घेतलं आणि कोपऱ्यात एक विमान काढून घेतलं. पेंटरनं विमानाचं तोंड खाली केलं. मोंढ्यातले हमाल येताजाता विचारायचे, “शेठ, हे उतरायलंय का पडायलंय?”

पाटी बघूनच बहुतेक, पुण्याचे देसाई माझ्याकडं आले. फळं परदेशी पाठवायचा त्यांचा व्यवसाय. वयानं माझ्या मुलाएवढे, बोलायला मोजके. त्यांचं म्हणणं असं, विमानतळ होईल तेव्हा होईल, पण झाल्यावर पळापळ करण्यापेक्षा आत्ताच इथला माल मुंबईहून दुबईला पाठवून बघू. तिकडच्या दुकानदाराला पसंत पडला तर डोंगरातच शेड टाकू. चांगली फळं विमानानं, मऊ फळांचा गर काढून गोठवायचा. सीताफळ संपलं की डाळिंब, मिरची. म्हणजे बायांना उन्हाळ्यापर्यंत काम.

उन्हाळ्यापर्यंत, हा शब्द त्यांनी सहज वापरला. डोंगरातल्या माणसाला तो सहज ऐकू येत नाही. आमच्याकडं दसरा झाला की ऊसतोडीचे ट्रॅक्टर येतात आणि अर्ध्या वाड्या रिकाम्या होतात. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात. तो कोयता परततो उन्हाळ्यातच.

मी देसायांना घेऊन गेलो काशीबाईच्या वाडीवर. धारूरच्या किल्ल्याच्या पलीकडं डोंगराच्या कुशीत ही वाडी आहे आणि काशीबाई तिथल्या बायांची म्होरकी. मी विकलेल्या फळांच्या पहिल्या पाटीपासून तिचा माल माझ्याकडं. तिचा मुलगा बळीराम आणि सून सुनीता दरवर्षी कोयता घेऊन जायचे. त्या वर्षी सुनीताला सातवा महिना लागत होता, आणि ऊसतोडीचा मुकादम दोन वेळा विचारून गेला होता. बळीरामनं अजून शब्द दिला नव्हता.

शेडची गोष्ट ऐकून काशीबाईनं एकच विचारलं, “मंग हिला औंदा जावं लागणार न्हाई?”

“दुकानदाराला माल आवडला तर नाही,” देसाई म्हणाले.

सुनीता ढिगाशी बसून निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “आवडंल. मला काय उसाच्या पाचटात बाळंत व्हायची हौस न्हाई.”

देसाई पुण्याला परतले आणि माल निवडायचं काम माझ्यावर आलं. इथं खरी गोष्ट सुरू होते. वाडीत बायांचा गोल जमला, मध्ये फळांचा ढीग, आणि सगळ्यांचा एकच प्रश्न. मुंबईचं फळ कसं असतं ते हाताला ठाऊक. दुबईचं कसं असतं?

“दादा, दुबई मुंबईच्या अल्याड का पल्याड?” काशीबाईनं विचारलं.

“लई पल्याड. मधी समुद्र हाय.”

“मंग फळ बी तसंच कडक पायजे की.”

सगळ्या बायांनी माना डोलावल्या. माझा नियम माझ्या तोंडून निघायच्या आधीच काशीबाईच्या तोंडून निघालेला बघून मला लई बरं वाटलं. फक्त सुनीतानं एक फळ माझ्यापुढं धरलं. “काका, ह्याचा तर डोळाच न्हाई उघडला.”

“म्हणून तर घ्यायचं. समुद्र ओलांडंपर्यंत उघडंल.”

“आन न्हाई उघडला तर?”

“गप गं,” काशीबाई म्हणाली. “त्यांची हयात गेली ह्याच्यात. ते काय दगड पाठवत्याल का?”

देसायांनी मला फोनवर सांगितलं होतं की माल तिसऱ्या दिवशी दुकानात लागेल. मी ते मनावर घेतलं नाही. पुण्याची माणसं सगळीच कामं लवकर होतील असं सांगतात, हा माझा अनुभव. मी आपला समुद्राचा हिशेब धरला.

त्याच ट्रकमध्ये मी एक क्रेट मुलुंडला माझ्या मुलीच्या घरी पाठवत होतो. दरवर्षी पाठवतो. त्यात मुंबईची फळं, डोळ्याला नुकती फट पडलेली, स्वतः निवडून भरलेली. दुबईच्या क्रेटमध्ये मिसळू नये म्हणून मी त्याला खूण केली. काशीबाईकडून लाल नाडा मागून घेतला आणि क्रेटच्या कानाला बांधला. आपल्या हुशारीवर खूश होऊन पाणी प्यायला गेलो.

वाडीतून पहिल्यांदा माल परदेशी चाललेला. सरपंच आले. ट्रकच्या चाकाखाली लिंबं ठेवली, बंपरवर नारळ फुटला. मी पाणी पिऊन परत आलो तर काशीबाईनं हळदकुंकू लावून एकूण एक क्रेटला लाल नाडा बांधलेला.

“कावून बांधले सगळ्यांना?” मी म्हणालो.

“तुमी एकाला बांधलाता. मला वाटलं बाकीचे ऱ्हायले.”

सरपंच भाषणाला उभे राहिले होते, ड्रायव्हर हॉर्न मारत होता. मी अंदाजानं एक क्रेट बाजूला काढून ड्रायव्हरला म्हणालो, हा मुलुंडचा. चाळीस वर्षं फळं ओळखून काढली आहेत, क्रेट उघडून बघायला मला लाज वाटली.

पहिला फोन मुलीचा आला. “बाबा, हे काय पाठवलंय? एकही पिकायला तयार नाही. सासूबाईंनी एक दाराला लावून ठेवलंय, वाऱ्यानं आपटू नये म्हणून.”

मला जे समजायचं ते समजलं. तरी मी मनाची समजूत घातली, की समुद्र ओलांडलेली फळं उघडली असतील.

मग देसायांचा फोन. आवाज नेहमीसारखाच मोजका. “काका, माल काळा पडलाय. तोडताना प्रवासाचे किती दिवस धरलेत?”

“लांब हाय म्हणून जरा जास्तीच धरले.”

“लांब आहे. पण मुंबईहून विमान तिथं तीन-चार तासांत जातं. तुमच्या वाडीतून मुंबईला ट्रक त्याच्या कितीतरी पट वेळ घेतो.”

धंद्यात माझी उमर गेली आणि मला एवढं सुचलं नाही, की फळाला कोस कळत नाहीत. त्याला फक्त वेळ कळतो. आम्ही गावाची नावं घेऊन निवडत आलो, कारण आमच्या रस्त्यांवर लांबचं गाव म्हणजे जास्त दिवस, हे कायमचं जमलेलं गणित होतं. विमानानं ते गणित मोडलं आणि मला कळवलंच नाही. त्या क्षणी दुबई माझ्यासाठी मुंबईच्या थोडीशीच पुढं आली, साधारण मुंबई ओलांडून लोकलनं पुढचं उपनगर गाठावं इतकी.

विमानतळामुळं आमच्या भागाचा काय फायदा होणार, यावर मी मोठमोठ्या लोकांची भाषणं ऐकली आहेत. मला तो फायदा खरा समजला तो त्या फोनवर. सीताफळात सगळ्यात गोड फळ कुठलं, तर परळीचं आणि पोटाचं. झाडावर जितकं जास्त राहील तितकं गोड. पण तेच फळ आजवर डोंगर सोडून गेलं नाही, कारण रस्त्यात त्याची बासुंदी होते. मुंबईला आम्ही दुसऱ्या नंबरची गोडी पाठवतो आणि तिथले लोक वा वा करतात. उद्या विमान जिल्ह्यातूनच उडालं तर मुंबईपर्यंतचा ट्रक वाचेल आणि परळीचं फळ सरळ दुबईला जाईल. आमची पहिल्या नंबरची गोडी पहिल्यांदा बाजार बघेल. जमिनीच्या सौद्यांचं आणि हॉटेलांचं ज्यांना कळतं त्यांनी सांगावं, मला एवढं एक फळ कळतं.

पण हे ज्ञान मला उशिरा झालं होतं. वाडीवर जाऊन सांगणं भाग होतं.

बळीराम अंगणात कोयत्याला धार लावत बसला होता. मी सगळं सांगितलं, समुद्राचा हिशेबसुद्धा. त्यानं धारेवर पाणी मारून कोयता आणखी दोनदा घासला. मग म्हणाला, “काका, तुमच्या पाटीवरचं इमान पडायलंच हाय.” आणि संध्याकाळी जाऊन मुकादमाला शब्द देऊन आला. दोघांचा.

काशीबाईनं आतून सुनीताची जाड वाकळ आणून उन्हात टाकली. ऊसतोडीला नेतात तसली. तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दोन दिवसांनी देसायांचा पुन्हा फोन. “काका, एक विचारायचं होतं. सगळा माल खराब, पण एका क्रेटमधली फळं उत्तम होती. दुकानदारानं विकायला ठेवायच्या आधी त्याच्या घरच्यांनीच संपवली. तो म्हणतो, असाच माल पाठवा. त्या क्रेटमध्ये वेगळं काय होतं?”

माझ्या मुलीचा क्रेट. समुद्राच्या हिशेबातून सुटलेला. काशीबाईच्या नाड्यानं तो दुबईला गेला आणि दुबईचा दगड मुलुंडला दाराला लागला. मी देसायांना खरं सांगितलं. सांगताना पहिल्यांदा मला वाटलं ते हसले, पण पुण्याच्या माणसाचं फोनवर नक्की सांगता येत नाही. म्हणाले, “अजून एकदा पाठवू. मात्र लगेच.”

लगेच म्हणजे ट्रॅक्टर यायच्या आत. मी वाडीवर गेलो तर अर्ध्या बाया निवडायला यायला तयार होईनात. “परत दगड उचलायला लावता का?” एकीनं विचारलं. शेवटी सुनीता उठली, ढिगाशी जाऊन बसली आणि म्हणाली, “काका, ह्या खेपंला गावाचं नाव घ्यायचं न्हाई. दुकानात कवा लागणार, तेवढंच सांगा.”

“तिसऱ्या दिवशी.”

“मंग ही तर मुंबईची फळं झाली की, जरा पुढं सरलेली.” तिनं एक फळ उचललं, रेघेवरून अंगठा फिरवला आणि क्रेटमध्ये ठेवलं. एकेक करत बाकीच्या बाया येऊन बसल्या. नारळ फोडायला या वेळी कुणी आलं नाही. नाडा मी कुणाच्या हाती लागू दिला नाही, मुलीचा क्रेटच पाठवला नाही. ती अजून बोलत नाही त्यावरून.

माल पास झाला. दुकानदारानं पुढच्या खेपेची मागणी केली आणि देसायांनी वाडीच्या समाजमंदिरासमोर पत्र्याची शेड टाकली. सुनीता निवडायच्या कामाची मुख्य. पौषात तिला मुलगी झाली, धारूरच्या दवाखान्यात. शेड चालू आहे, पण माल अजून ट्रकनं मुंबईलाच जातो. म्हणजे दुसऱ्या नंबरची गोडीच जाते, पहिली अजून डोंगरात आम्हीच खातो. खुंट्यांवरचा चुना पावसात धुऊन गेला. चहाची टपरी मात्र पक्की झाली, वर स्लॅब पडला.

हे सगळं नंतरचं. शेडचे पत्रे चढत होते त्याच सकाळी ट्रॅक्टर आला.

बळीरामनं दोघांचा शब्द दिलेला होता. सुनीता राहणार म्हटल्यावर मुकादम कुरकुरला, मग चुलतभावाची जोडी लावून कोयता पुरा केला. बळीराम शब्दाचा पक्का, तो ट्रॉलीत चढला. माझ्याकडं त्यानं बघितलं नाही, आणि मला त्यात काही गैर वाटलं नाही. माझा पहिला माल नीट गेला असता तर तो शब्द द्यायला गेलाच नसता.

सुनीता ढिगाजवळ एक फडकं पसरून उभी राहिली. मुकादमाला म्हणाली, “कारखाना कुठं हाय?”

“कर्नाटकात. लई लांब हाय, बाई.”

“लांब ऱ्हाऊ द्या. पोचणार कवा?”

“उद्या दुपारपोतर.”

तिनं खाली बसून फळं निवडली. गावाचं नाव घेतलं नाही. मोठ्या फटीची वर, बारीक फटीची खाली, मध्ये पानं. गाठ मारून बळीरामच्या हातात दिली. “वरची आज खावा. मधली उद्या पोचल्यावर. खालच्यांना चार दिवस हात लावायचा न्हाई.”

त्यानं गाठोडं मांडीवर घेतलं. मग पहिल्यांदा माझ्याकडं वळून म्हणाला, “काका, इमानतळ झालं की कळवा. ऊस टाकून येतो.”

माझी जीभ सवयीनं सैल सुटली. “आता काय, जवळच हाय. वडवणीच्या रस्त्याला लागलं की…”

“किती जवळ ते नका सांगू, काका,” सुनीता म्हणाली. “कवा, ते सांगा.”

ट्रॅक्टर सुरू झाला होता. त्याचा आवाज मोठा होता. मला ऐकू आलं नाही असं मी दाखवलं, आणि ढिगातलं एक ‘पोट’ उचलून फोडलं.